टकटक थांबली तर: जुन्या मॉरिसचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप घरच्या घरी कसा तपासायचा

मे महिन्यातली भर दुपार, बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट, आणि कडेला बोनेट वर करून उभी असलेली आमची मॉरिस मायनर. येणारा-जाणारा प्रत्येक गाडीवाला वेग कमी करून एकच विचारायचा, "विकायची का, काका?" गाडीला झालंय काय, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी एका टेम्पोला दोर बांधून घरी आणली. पुढच्या दोन महिन्यांत तीन गॅरेज झाली, एक नवा पंप घेऊन झाला, आणि दोष सापडला तो एका नटाखाली, कागदाएवढ्या जाडीच्या रंगात.

तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. घरात जुनी गाडी आली, तिच्या मागे लागून जे शिकावं लागलं तेवढंच मला येतं. पण एक गोष्ट आता छातीठोकपणे सांगतो: पंप गप्प झाला की दहातल्या सात-आठ वेळा पंप शाबूत असतो आणि वायर, जोड नाहीतर अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट) मेलेलं असतं. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या आणि ओळखीच्या चार-पाच गाड्यांच्या अनुभवातला आहे. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पंप खोलायची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

आधी गाडी कोणती ते बघा. हे सगळं एसयू या ब्रिटिश बनावटीच्या टकटक करणाऱ्या इलेक्ट्रिक पंपाबद्दल आहे. मॉरिस मायनरला तो बोनेटखाली, पुढे बसणाऱ्यांच्या पायांपुढच्या आडव्या पत्र्यावर असतो. काही जुन्या एमजी गाड्यांना याचाच थोरला भाऊ मागे टाकीजवळ बसवलेला असतो. फियाट, पद्मिनी आणि बहुतेक अँबेसिडर यांना इंजिनच्या कॅमवर चालणारा पंप आहे. उस्ताद लोक त्याला 'एसी पंप' म्हणतात. त्यात विजेचा संबंधच नाही, तेव्हा त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल.

१. पंप चालतो कसा, हे पाच मिनिटं समजून घ्या

आपल्याकडे प्रत्येकाच्या विहिरीवर नाहीतर बोअरवर मोटार आहे, त्यामुळे हे समजायला जड नाही. विहिरीवरची मोटार फिरत राहते. हा पंप फिरत नाही, श्वास घेतो.

आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. करंट आला की ती लोहचुंबक होते आणि एका रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रमला, आपल्याकडे ओढते. डायफ्रम मागे सरला की टाकीतून पेट्रोल आत येतं. डायफ्रमच्या मध्यातून एक दांडी मागच्या टोकाला गेलेली असते. डायफ्रम पुरता मागे आला की ही दांडी तिथले छोटे पॉइंट (एकमेकांना टेकणारी धातूची टोकं) 'टक्' करून उघडते. करंट तुटतो, चुंबक सुटतं, आणि स्प्रिंग डायफ्रमला पुढे ढकलते. पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. डायफ्रम पुढे पोचला की पॉइंट पुन्हा जुळतात आणि पुढचा श्वास सुरू होतो.

यातली मजेची गोष्ट अशी की पेट्रोल ढकलतं कोण, तर वीज नाही, स्प्रिंग. म्हणून कार्बोरेटरची वाटी भरली, पेट्रोल अडवणारी सुई बसली, की स्प्रिंगला पुढे सरकायला जागाच उरत नाही. डायफ्रम मध्येच थांबतो, पॉइंट उघडे राहतात, पंप गप्प. पेट्रोल खर्च झालं की पुन्हा टक्. या पंपाचा दाब जेमतेम दीड पीएसआय (दाबाचं माप) असतो. फुग्यात फुंकर मारण्यासारखंच. हा आकडा लक्षात ठेवा, नवा पंप घेताना लागेल.

२. काय काय जवळ ठेवायचं

हत्यारांची यादी लांब नाही. एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन-दोन हात वायर आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिप. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हा टेस्ट बल्ब पाच मिनिटांत बनवून देतात. पण २१ वॅटचाच सांगा. स्क्रू ड्रायव्हरमध्ये येतो तो छोटा टेस्टर किंवा एलईडीचा इथे कामाचा नाही, का ते पुढे येईल. त्याशिवाय साधा मल्टिमीटर, पाने, पक्कड, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, जाड काचेची एक बरणी, हातभर पेट्रोलची रबरी नळी, दोन होज क्लिपा, फ्यूज होल्डर लावलेली चार-पाच मीटर वायर, आणि जुन्या धोतराची चिंधी. गाड्यांच्या आगीचा, पावडरचा छोटा फायर एक्स्टिंग्विशर जवळ नसेल तर पेट्रोलच्या पायऱ्या करूच नका.

काम उघड्यावर, झाडाखाली करा. पत्र्याच्या बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि कोपऱ्यात बिडी पेटवणारा कुणीतरी असतोच.

कागदपत्रं पंपाला लागत नाहीत, पण गाडी दोरीने ओढून आणताना अडवलं की लागतात: आरसी, विमा आणि पीयूसी. आरसीचं नूतनीकरण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी असतं, ती तारीख एकदा बघून ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज मोंढ्यात जायला गाडी वापरत असाल तर घाई करू नका.

३. बॅटरी कुठल्या बाजूने लावली आहे?

ही पायरी सगळे वगळतात आणि पस्तावतात. मॉरिस मायनर कारखान्यातून आली तेव्हा बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं होतं, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. आजच्या सगळ्या गाड्या याच्या उलट. मधल्या साठ वर्षांत कुणीतरी तुमची गाडी फिरवून घेतली असेल किंवा नसेल. बोनेट उघडा आणि जाड अर्थिंगची पट्टी कुठल्या टोकाला आहे ते डोळ्यांनी बघा. मग पंपाशेजारी मार्करने लिहून ठेवा.

मूळचा पॉइंटवाला पंप दोन्ही दिशांनी चालतो, त्याला फरक पडत नाही. पण त्यातल्या काहींत पॉइंट जळू नयेत म्हणून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातलेला असतो, आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले नवे पंप तर दिशा बघूनच घ्यावे लागतात. उलटे जोडले की एका क्षणात खेळ खलास. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मल्टिमीटर उणे आकडा दाखवील, त्याला घाबरू नका.

४. चावी फिरवा आणि कान द्या

इंजिन चालू न करता फक्त इग्निशन लावा. एक जण आत, तुम्ही पंपाशी. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला का ते विचारा. तो दिवा आणि पंप एकाच पांढऱ्या वायरच्या कुळातले आहेत. दिवाच लागला नाही तर पंपाकडे बघूही नका, इग्निशन स्विच किंवा त्याच्या मागचा जोड गेलाय.

आता आवाज. खरं निदान इथेच होतं.

सुरुवातीला भरभर पाच-दहा टका, मग संथ, मग शांतता: पंप निरोगी. गाडी तरीही चालत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

एकही टक नाही: करंट पोचत नाही, किंवा अर्थ नाही, किंवा पॉइंट जळलेत. पायरी ५.

मशिनगनसारखी अखंड टकटक आणि कार्बोरेटर कोरडा: पंप हवा घेतोय. विहिरीवरच्या पंपाने हवा घेतली की त्याचा आवाज कसा हलका होतो, तसंच. टाकी रिकामी असेल, नाहीतर टाकी ते पंप या वाटेवर कुठेतरी नळी फुटली आहे, जोड ढिला आहे. विजेचं काहीही बिघडलेलं नाही. पायरी ७.

संथ पण न थांबणारी टकटक, इंजिन बंद असतानाही: पेट्रोल पुढे कुठेतरी जातंय. कार्बोरेटरची सुई बसत नाही किंवा नळी गळते. ताबडतोब चावी बंद करा. मॉरिसमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच्या खाली एक आहेत. गळणारं पेट्रोल कुठे पडणार, ते सांगायला नको.

अडखळत, कण्हत दोन-चार टका, आणि पंप हाताला चटका लागेल इतका गरम: ओढायची बाजू तुंबली आहे. जाळी भरलीय, पाईप दबलाय, किंवा टाकीच्या टोपणाचं हवेचं भोक बुजलंय. टोपण उघडल्यावर 'हुस्स' आवाज होऊन पंप मोकळा झाला तर समजा सापडलं. अशा वेळी पॉइंट जुळलेल्या स्थितीत डायफ्रम अडकतो, कॉइलमधून करंट वाहतच राहतो आणि कॉइल भाजते. चालू ठेवून बघत बसू नका.

एक काळजी: इंजिन बंद ठेवून इग्निशन सलग मिनिटाभरापेक्षा जास्त लावून ठेवू नका. डिस्ट्रिब्युटरचे (इंजिनला ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) पॉइंट नेमके जुळलेले असतील तर इग्निशन कॉइल तापते. जास्त वेळ तपासायचं असेल तर कॉइलकडे जाणारी पांढरी वायर काढून तिचं टोक चिंधीने गुंडाळून ठेवा.

५. करंट येतोय का, आणि परत जातोय का

माझी गाडी इथेच फसली होती, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिल्या गॅरेजच्या उस्तादांनी पंपाच्या वायरला मल्टिमीटर लावला. बारा व्होल्ट. "करंट बराबर आहे सर. पंप खलास. नवा टाका." मीही मान डोलावली. मुंबईहून पंप मागवला, बसवला, चावी फिरवली आणि टक टक टक. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आठ दिवसांनी गेवराईच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद. नव्या पंपाची टकटकही बंद. दुसऱ्या गॅरेजने पंप नकली ठरवला. तिसऱ्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपावर दोन टोले दिले, पंप चालू झाला, आणि त्या दोन टोल्यांचे त्याने दीडशे रुपये घेतले.

शेवटी गुंता सुटला तो आमच्या गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यामुळे. हा माणूस आयुष्यभर शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरत आलाय, कारच्या बोनेटखाली त्याने कधी डोकं घातलेलं नव्हतं. त्याने वायर बघितली नाही, मीटर मागितला नाही. विचारलं, "भाऊ, याला अर्थ कुठून घेतलाय?" मी म्हटलं, बॉडीतून. त्याने वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला धरलं आणि दुसरं पंपाच्या अंगाला टेकवलं. टक टक टक. काढलं की गप्प. टेकवलं की टक टक. "मोटार चांगलीय. करंट यायलाय, पण परत जायला वाट न्हाई."

झालं होतं असं, की फेब्रुवारीत पुतणीच्या लग्नात वरातीला म्हणून गाडी रंगवून घेतली होती. पेंटरने काम फार मनापासून केलं. बोनेटच्या आतला पत्राही रंगवला, आणि पंपाच्या अंगावरून निघालेली बोटभर अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बसते तिथेही रंग मारून त्यावर नट कसला. रंगातून करंट जात नाही. मग तीन महिने पंप चालला कसा? तर पेट्रोलच्या धातूच्या पाईपमधून. तो पाईप चेसिसला जिथे क्लिपांनी टेकतो तिथून त्याला कसाबसा अर्थ मिळत होता. गाडी तापली, हलली, की तो तुटायचा. नवा पंप बसवताना पाईपचे नट घट्ट केले, म्हणून आठ दिवस बरं वाटलं. टोले मारल्यावर पाईप हलला, म्हणून चालला. प्रत्येक उपायाने काही काळ गुण येत होता आणि म्हणूनच रोग लपत होता.

आणि मल्टिमीटरने बारा व्होल्ट कसे दाखवले? मीटरला चालायला नावालाच करंट लागतो. हजार धाग्यांपैकी एक धागा उरलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवते. पंपाला मात्र काही अँपिअर करंट लागतो, तो त्या एका धाग्यातून जात नाही. नळाला पाणी आहे की नाही हे तोटीला बोट लावून बघण्यासारखं आहे ते. ओलं बोट म्हणजे भरलेली बादली नव्हे. २१ वॅटचा बल्ब जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. शिवाय त्याला प्लस-मायनसची दिशा कळत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थमध्येही गोंधळ होत नाही.

तर क्रम असा:

क) पंपाची पांढरी वायर काढा. बल्बची एक क्लिप त्या वायरला, दुसरी क्लिप बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, बॉडीला नव्हे. इग्निशन लावा. बल्ब लख्ख लागला तर येणारी वाट ठीक. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. लागलाच नाही तर वायर तुटली आहे.

ख) आता बल्बची एक क्लिप पंपाच्या धातूच्या अंगाला (रंग खरवडून), दुसरी फ्यूज लावलेल्या लांब वायरीने बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाला. शेवटचा जोड पंपापासून जितका लांब करता येईल तितका लांब करा, कारण ठिणगी उडते. बल्ब लख्ख म्हणजे परतीची वाट ठीक. मिणमिणता म्हणजे माझाच रोग.

ग) 'ख'मध्ये दोष निघाला तर अर्थिंगचा नट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवा थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावा, कसा, आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. मी आता पंपाच्या अंगापासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत वेगळी जाड वायर टाकली आहे. दिसायला मूळची नाही, रॅलीत कुणीतरी नाक मुरडलं, मुरडू दे.

घ) 'क'मध्ये दोष निघाला तर फ्यूज शोधत बसू नका. या गाडीत दोनच फ्यूज आहेत आणि पंप त्यांपैकी एकावरही नाही. पांढरी वायर पंपापासून इग्निशनकडे मागे मागे बघत जा. दर जोडापाशी बल्ब लावा. जिथे मिणमिणता बल्ब लख्ख होतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये. जुन्या कापडी आवरणाच्या वायरी उंदरांना फार आवडतात. शेतावरच्या गोठ्यात गाडी उभी असेल तर तिथूनच सुरुवात करा. दुरुस्त केल्यावर पंपाच्या वायरीत साडेसात अँपिअरचा एक फ्यूज घालून घ्या. कारखान्याने दिला नव्हता म्हणून आपणही देऊ नये असं काही नाही.

६. आता पंपाचं टोपण

वरचं सगळं ठीक निघालं आणि पंप तरीही गप्प असेल तरच इथे या. बॅटरीचं टोक काढा. पंपाच्या शेवटाला काळं बेकेलाइटचं (जुन्या कडक प्लास्टिकचं) टोपण असतं, ते वायरीच्या टर्मिनलवरच्या नटाने धरलेलं असतं. हळू. साठ वर्षांचं बेकेलाइट पापडासारखं तुटतं.

टोपण काढल्यावर सगळ्यात आधी वास घ्या. आत पेट्रोलचा उग्र वास किंवा ओल असेल तर डायफ्रम फाटलेला आहे. मग पुढे काहीही नको. जिथे ठिणगी उडते तिथे पेट्रोल आलंय. पंप उतरवून जाणकाराकडे न्या.

कोरडं असेल तर पॉइंट बघा. टोकं काळी, खडबडीत दिसतील. पॉलिश पेपरची बोटभर पट्टी दुमडून पॉइंटच्या मध्ये घाला, वरची पाती अलगद दाबून पट्टी दोन-चार वेळा ओढा. मग कोऱ्या कागदाने तसंच करून धूळ काढा. आमच्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ पिठासारखी असते, ती टोपणाच्या कडेनेही आत जाते. म्हणून परत बसवताना टोपणाच्या कडेला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या.

कॉइल तपासायला आधी पॉइंटमध्ये कागद घालून ते वेगळे करा, मग मीटर ओहमवर ठेवून कॉइलची दोन टोकं मोजा. थोडे ओहम दाखवले तर कॉइल जिवंत. अंतहीन आकडा म्हणजे तार तुटली. शून्य म्हणजे आत शॉर्ट.

डायफ्रम बदलून त्याचा फेरा बसवणं मात्र पहिल्याच खेपेला स्वतः करू नका. डायफ्रम किती आटे उलटा फिरवायचा यावर सगळा खेळ आहे. एक आटा चुकला की पंप टकटक करतो पण पेट्रोल देत नाही.

टोल्यांबद्दल इथेच सांगतो, कारण विचारणारे फार. लाकडी मुठीने लोखंडी अंगावर हलकी टकटक केल्याने पंप सुरू झाला तर तो उपाय नसून खूण आहे: पॉइंट किंवा एखादा जोड. बेकेलाइटच्या टोपणावर कधीही मारू नका.

७. पेट्रोलची बाजू

पंपातून कार्बोरेटरकडे जाणारा पाईप काढा, त्याला रबरी नळी लावून टोक बरणीत सोडा, आणि थोडं पेट्रोल जमलं की टोक त्यात बुडवून ठेवा. इग्निशनची कॉइल वेगळी केलेली आहे ना, ते पुन्हा बघा. चावी लावा. मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल आलं आणि बुडबुडे नसतील तर पंपाला निरोप द्या, कार्बोरेटरची सुई बघा. बुडबुडे येत राहिले तर ओढायच्या बाजूला हवा शिरते. रबराचे तुकडे, वॉशर, क्लिपा एकेक करून बघा. पेट्रोल कमी आणि टकटक भरपूर असेल तर पंपाच्या तळाचा पितळी नट उघडा, आत बारीक जाळी आहे. माझ्या जाळीतून गंजाचा चमचाभर चिखल निघाला होता. टाकी गंजली असेल तर जाळी धुऊन आठवडाभर भागतं, मग टाकीच उतरवावी लागते.

८. ऊन आणि इथेनॉल

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतो म्हणून अभिमान वाटायला हरकत नाही, पण १९६० सालच्या रबराला त्याचा अभिमान नाही. जुनं रबर फुगतं, मऊ होतं, भेगाळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज करतं. दोन कामं करून टाका: सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या (अंगावर 'एसएई जे ३० आर ९' छापलेलं बघा), आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि वाटी रिकामी करा.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की पाइपातलं पेट्रोल वाफ होतं, पंपात पेट्रोलऐवजी वाफ येते आणि गाडी बंद पडते. विजेचा सैल जोडही नेमका गरमीतच सुटतो. त्यामुळे "गाडी फक्त दुपारी बंद पडते" या वाक्यावरून काही ठरत नाही. ठरवायचं कानाने. बंद पडल्यावर चावी लावा: भरभर टकटक असेल तर वाफ, शांतता असेल तर वीज. वाफ असेल तर ओली चिंधी पंपावर आणि पाईपवर ठेवा, एक्झॉस्टवर नको, आणि चहा घेऊन या.

९. पंप खरंच गेला असेल तर

लातूर-नांदेडकडच्यांना हैदराबाद जवळ, आमच्यासारख्यांना पुणे-मुंबई. घेताना तीन गोष्टी विचारा: १२ व्होल्ट, अर्थ कुठला, आणि दाब किती. बाजारात चौकोनी, स्वस्त इलेक्ट्रिक पंप मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा दाब तीन-चार पीएसआयच्या वर असतो. आपल्या कार्बोरेटरची सुई तो दाब थोपवू शकत नाही. आणि "मारुतीचा पंप बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप साधारण तीन बार (सुमारे ४४ पीएसआय) दाबाने चालतात, म्हणजे आपल्या पंपाच्या जवळपास तीस पट.

जुना पंप दुकानदाराला देऊन टाकू नका. आज ना उद्या त्याची जाळी, टोपण, स्क्रू लागतात. माझा 'खलास' ठरवलेला जुना पंप मी रिवाइंडिंगवाल्याच्या सांगण्यावरून परत बसवला, तोच आजही चालतो. नवा डिकीत आहे.

१०. रस्त्यात बंद पडली तर

गाडी कडेला, उतारावर नको, मागे दगड. चावी लावून ऐका. शांतता असेल तर आधी वायरीचा तुकडा बॅटरीच्या अर्थपासून पंपाच्या अंगाला लावा. टकटक सुरू झाली तर तो तुकडा तसाच घट्ट बांधून घरी या. नाही झाली तर पांढरी वायर पंपावरून काढून टोक चिंधीने गुंडाळा, आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून फ्यूजची लांब वायर पंपाच्या टर्मिनलला लावा. ही वायर एक्झॉस्टला आणि पंख्याला लागणार नाही अशी बांधा. अशा जोडणीत चावी बंद केली तरी पंप चालूच राहतो. म्हणून ढाब्यावर थांबलात की आधी बोनेट उघडून ती वायर काढायची, मग जेवायला बसायचं.